‘की तेत्से’च्या आठवड्यात मंडळीच्या वडीलजनांस खुले पत्र

आदरणीय वडीलजनहो,

शालोम.

येत्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आपल्या मंडळीत ‘की तेत्से’ हा तोरापाठ, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांपैकी ‘अनुवाद’ या पुस्तकातला ठरलेला भाग, वाचला जाईल. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत यहुदी नववर्षाचा रोश हशाना, म्हणजे कोकणातल्या आमच्या आजी-पणजीचा नव्याचा सण येईल आणि त्याच दिवसापासून आपण काढलेली ‘विश्वासू घराची आचारसंहिता’ लागू होईल. हेच पत्र मी हिब्रूत लिहून आपल्या हाती दिले, त्याला महिना झाला. ‘विचार करू’ एवढे एकदा तोंडी सांगण्यात आले, पुढे काही कळले नाही. मराठीत आणि उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, या आचारसंहितेचे आपले परिपत्रक मराठीत भाषांतर होऊन ठाण्यापुण्यातल्या त्या घरांपर्यंतही पोहोचले आहे ज्यांना आपण दर बुधवारी व्हिडिओवर तोरा शिकवता. ज्यांनी परिपत्रक मराठीत वाचले, त्यांना त्यावरची हरकतही मराठीतच वाचायला मिळावी.

वाचकांसाठी आधी परिपत्रकाचा आशय सांगते. शब्बाथ, आहारनियम, सण आणि पुरुषांच्या वस्त्राच्या झालरी, म्हणजे त्सित्सित, या चार बाबी पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर प्रत्येक कुटुंबाने सही करायची आहे. सही न करणाऱ्याने भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत भाग घ्यायचा नाही. शब्बाथच्या दिवशी ‘कोणत्याही स्वरूपाचे काम’ करणाऱ्यालाही तोच नियम आहे. तोरा वाचायला पुढे येणाऱ्याने आपल्या आईकडच्या यहुदी वंशाचा पुरावा आधी वडीलमंडळाकडे द्यायचा आहे.

मी कोण, हे आपण जाणता, तरी इतरांसाठी लिहिते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरातली. माझी आई अलिबागजवळची. ती १९५० च्या दशकात इस्राएलला आली. मी दक्षिणेतल्या याच गावात वाढले, नर्स म्हणून आयुष्यभर नोकरी केली आणि गेली बावीस वर्षे येशुआला, म्हणजे येशूला, मशीहा मानून आपल्या मंडळीत येते आहे. आईला माझा हा विश्वास पटत नाही, तरी शनिवारी सकाळी मला उशीर होऊ लागला की ‘जा तुझ्या येशूवाल्यांकडे, वाट बघत असतील’ असे तीच म्हणते. मी तोरा रद्द झाली असे मानणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात, मांस आणि दूध एका चुलीवर एकत्र येत नाही, आणि मटणाच्या रश्शाला आजही आई शिकवते तसेच नारळाचे दूध पडते. तोरा दैनंदिन जीवनात उतरलीच पाहिजे, याबद्दल माझे आणि आपले दुमत नाही. ती कोणत्या दारातून उतरवायची आणि कोणाच्या पाठीवरून, याबद्दल मात्र आहे.

माझी पहिली हरकत आपल्या निवडीला आहे. परिपत्रकाच्या माथ्यावर आपण अनुवाद २२:१२ छापला आहे : पांघरायच्या वस्त्राच्या चारही कोपऱ्यांना गोंडे लाव. हे वचन याच आठवड्याच्या पाठातले आहे. ‘की तेत्से’मध्ये परंपरेच्या मोजणीप्रमाणे चौऱ्याहत्तर आज्ञा आहेत, तोरातल्या दुसऱ्या कोणत्याही पाठात एवढ्या नाहीत. घराच्या धाब्याला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर यायचा नाही. शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नकोस, ती उपऱ्याची, पोरक्याची आणि विधवेची. थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नकोस. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नकोस. गरीब मजुराला छळू नकोस, मग तो तुझ्या भाऊबंदांपैकी असो की तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरी. त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे. हे शेवटचे वचन अनुवाद २४:१४–१५ आहे, आपण छापलेल्या वचनापासून दोनच अध्याय पुढे. प्रतिज्ञापत्रात गोंडे आले, मजुरी आली नाही. ज्या आज्ञा अंगावर दिसतात किंवा ताटात दिसतात तेवढ्याच आपण उचलल्या आणि ज्या हिशेबाच्या वहीत दिसल्या असत्या त्या सोडल्या, असे मी म्हटले तर ते कठोर वाटेल, पण परिपत्रक पुन्हा पुन्हा वाचून मला दुसरा निष्कर्ष काढता आलेला नाही.

दुसरी हरकत अधिक जवळची आहे आणि तिच्यामुळेच हे पत्र लिहावे लागले.

माझ्या आईने पंच्याऐंशी ओलांडली आहे आणि तिला मधुमेह आहे. तिची देखभाल करणारी बाई सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती घरातली असून चार वर्षांपासून आमच्या घरात राहते. दोघी मालवणी-कोकणी मिसळून अशा काही गप्पा मारतात की मलाच मधूनमधून अर्थ विचारावा लागतो. ही बाई दोन वर्षांपासून माझ्याबरोबर मंडळीत येते, तिने पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला, आणि मराठी अभ्यासगटात लेवीय हे पुस्तक तिच्याइतक्या चिकाटीने कोणी वाचलेले मी पाहिलेले नाही. शनिवारी सकाळी मंडळीत येण्याआधी ती आईला इन्सुलिन टोचते आणि तांदळाची पेज गरम करून देते. गेल्या महिन्यात परिपत्रक लागू होण्याच्या आधीच, तिला दाराशी बाजूला घेऊन सांगण्यात आले की शब्बाथला चूल पेटवणारीने भाकर घेऊ नये. सांगणाऱ्याचा स्वर सौम्य होता, हेही मी नोंदवते. ती घरी येऊन रडली नाही, काही बोललीही नाही. फक्त पुढच्या शनिवारी तिने, ‘ताई, तुम्ही जा, मी आजीजवळ बसते,’ असे सांगितले आणि त्यानंतर ती आलेली नाही.

प्राण वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा लागला तर मोडावा, ही गोष्ट मी आपल्याला शिकवायची नाही. मनुष्याने या आज्ञा पाळून जगावे, हे लेवीय १८:५ मधले वचन धरून रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, ती शतकानुशतके शिकवली आहे, आणि विहिरीत पडलेला बैल शब्बाथला बाहेर काढणार नाही असा तुमच्यात कोण आहे, असे स्वतः येशुआने विचारले आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या मधुमेही बाईला वेळेवर इन्सुलिन आणि त्यामागून खाणे मिळणे, हे त्या बैलाहून कमी निकडीचे आहे काय?

पण माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे. आपल्या मंडळीतल्या निदान तीन घरांत अशाच बायका राहून काम करतात. त्यातल्या एका घराने प्रतिज्ञापत्रावर सर्वांत आधी सही केली. त्या घरातली माणसे शुक्रवारी सूर्यास्तापासून कशालाही हात लावत नाहीत, कारण ज्याला हात लावायचा ते सगळे ती बाई करते आणि तिला आठवड्याच्या सुट्टीचा पूर्ण दिवस कित्येक महिन्यांत मिळालेला नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथची आज्ञा दुसऱ्यांदा येते तेव्हा तिचे कारण स्पष्ट शब्दांत दिले आहे : तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. ज्या घराचा विसावा दासीच्या श्रमावर उभा आहे ते घर आपल्या यादीत ‘शब्बाथ पाळणारे’ म्हणून नोंदले गेले, आणि जी बाई सुट्टीचा दिवस असूनही आजारी म्हातारीसाठी पेज गरम करते ती ‘मोडणारी’ ठरली. शब्बाथला दासीनेही काम करू नये असे सांगणारे निर्गम २०:१० वाचून दाखवून ही नोंद आपण मंडळीसमोर समजावून सांगू शकाल का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो टोमणा म्हणून मी विचारलेला नाही.

इथे माझा स्वतःचा दोष लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन वर्षांपूर्वी वल्हांडण सणाच्या महिन्यात खर्च वाढला आणि मी आईच्या सेविकेचा पगार बारा तारखेला दिला. तिने मागितला नाही, म्हणून मला उशीर जाणवलाही नाही. आपण सगळे ज्या देशात राहतो तिथला १९५८ चा वेतनसंरक्षण कायदा पुढच्या महिन्याच्या नवव्या दिवसापर्यंत न दिलेल्या पगाराला ‘हलानत साखार’ म्हणतो, म्हणजे मजुरी रात्रभर अडकवून ठेवणे, आणि हा शब्द थेट लेवीय १९:१३ मधल्या ‘लो तालीन’वरून घेतलेला आहे. वकिलांच्या तोंडी तोरा आहे आणि माझ्या तोंडी त्या महिन्यात ती नव्हती, हे कळले तेव्हा मला लाज वाटली. कायदाही सगळीकडे पुरत नाही. घरात राहून देखभाल करणाऱ्यांना जादा तासांच्या मोबदल्याच्या तरतुदी लागू होत नाहीत, असे इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. जिथे कायद्याचा हात थांबतो तिथे आज्ञेवर चालणाऱ्यांनी काय करावे, याचा एक ओळीचा उल्लेखसुद्धा विश्वासू घराच्या आचारसंहितेत नसावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

तिसरी हरकत वंशाच्या पुराव्याला आहे, आणि ती लिहिताना माझा हात थोडा थरथरतो.

१९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बीपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना निर्देश दिले की बेने इस्राएल वधू-वरांची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासावी. माझ्या आईचे लग्न त्याच वर्षी ठरलेले होते. नोंदणी करणाऱ्याने तिला तिच्या आजीच्या आईचे नाव आणि तिच्या लग्नाची हकिकत विचारली. अलिबागेकडच्या एका तेल्याच्या घरातल्या बाईचे लग्न कोणत्या साली, कोणत्या साक्षीदारांपुढे झाले याचा कागद आई कुठून आणणार? लग्न पुढे गेले. बेने इस्राएल लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटचे, म्हणजे इस्राएलच्या संसदेचे, खास अधिवेशन भरले आणि बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत असे सरकारने जाहीर केले, तेव्हा कुठे तो विषय मिटत गेला. आईच्या पेटीत त्या वेळची कात्रणे अजून आहेत. आणि आज, साठ वर्षांनंतर, तिच्या मुलीला तोरा वाचण्यासाठी पुन्हा तोच पुरावा मागितला जातो आहे, तोही अशा मंडळीकडून जिच्यातल्या कित्येकांना देशाच्या न्यायालयाने १९८९ च्या बेरेस्फर्ड निकालापासून, येशुआला मानता म्हणून, यहुद्यांना इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या परतण्याच्या कायद्याखाली यहुदी धरायला नकार दिलेला आहे. दुसऱ्याच्या वेशीबाहेर उभे राहण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्यांनी स्वतःची वेस बांधायला घ्यावी, हे मला समजत नाही.

माझे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्याजवळ पोथी उरली नव्हती असे आमच्यात सांगतात. पुढे कित्येक पिढ्या त्यांच्याकडे काय राहिले? आठव्या दिवसाची सुंता, ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द, खवल्यांशिवायचा मासा न खाणे, बिरड्याचा सण आणि दारफळणीचा सण, आणि शनिवारचा बंद घाणा. लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. कोणी त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेतले नव्हते आणि घाणा बंद ठेवल्याने आठवड्यातली एका दिवसाची कमाई जात होती. आणखी एक गोष्ट, जी मला लहानपणी कोणी सांगितली नाही पण निर्गम वाचताना आपोआप दिसली : शनिवारी घाणा थांबला म्हणजे घाण्याचा बैलही सुटा झाला. ‘घाण्याचा बैल’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ज्याला कधी सुट्टी नाही असा जीव येतो, आणि आमच्या घाण्याच्या बैलाला मात्र ती दर आठवड्याला मिळत होती. तुझा बैल आणि तुझा गाढव विसावा घेवोत, असे तोरात नाव घेऊन लिहिले आहे. त्या अडाणी ठरवल्या गेलेल्या तेल्यांना हे कोणत्या परिपत्रकाने शिकवले?

चौथी हरकत अन्यजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांविषयी आहे. तिच्यावर मी थोडक्यातच लिहिते, कारण तिच्यावर आपल्यात आधीच पुष्कळ बोलणे झाले आहे. ‘तुम्हाला आणि उपऱ्याला एकच नियम’ हे गणना १५:१६ आपण आधार म्हणून देता. ते वचन त्या ठिकाणी होमार्पणांविषयी आहे. वल्हांडणाच्या बाबतीत तोच शब्द येतो तेव्हा आधी सुंतेची अट येते, आणि अनुवाद १४:२१ मध्ये तर जे मेलेले जनावर इस्राएलाने खाऊ नये ते वेशीच्या आतल्या उपऱ्याला खायला देण्याची मुभा आहे. म्हणजे तोरा स्वतःच फरक करते. प्रेषितांनीही केला. ज्याची आई यहुदी होती त्या तीमथ्याची सुंता पौलाने केली आणि तीताची होऊ दिली नाही. जेरुसलेमच्या सभेने, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, अन्यजातींतून आलेल्यांवर चारच गोष्टी ठेवल्या आणि लगेच पुढे याकोब म्हणाला की मोशेचे वाचन तर दर शब्बाथला सभास्थानांत होतच आहे. मी हे असे समजते की दारात थोडे मागावे आणि बाकीचे ऐकत ऐकत शिकू द्यावे. पुण्याच्या ज्या घरांत आजवर ‘नियमशास्त्र’ हा शब्द ऐकला की दंड आठवत असे, त्यांना आपणच शिकवले की तोराचा अर्थ शिकवण असा आहे. आता त्याच घरांतल्या लोकांना, ख्रिस्ती आईवडिलांकडे नाताळात जेवायला जायचे की नाही याचे उत्तर सहीच्या कागदात शोधावे लागते आहे, आणि एका घरात या प्रश्नावरून सासू-सुनेचे बोलणे बंद झाल्याचे मला त्या सुनेनेच कळवले.

आपली बाजू मला अजिबात कळत नाही असे नाही. आपल्यातली तरुण मुले सणांना येत नाहीत, शनिवारी मॉलमध्ये जातात, आणि ‘कृपा आहे ना’ असे म्हणून सगळेच सोडून देण्याची सवय मंडळीत वाढली आहे. त्याची आपल्याला चिंता वाटते, मलाही वाटते. पण सवय सहीने बदलत नाही. माझ्या मुलाने त्सित्सित बांधायला घेतले ते मंडळीतल्या एका वृद्ध सुताराकडे पाहून. तो ते कोणालाही दाखवत नसे आणि ग्राहकाला लाकडाचे माप एक बोटभरही कमी देत नसे. मुलाने दोन्ही गोष्टी एकदमच उचलल्या.

आता माझ्या मागण्या.

रोश हशानाच्या आधी प्रतिज्ञापत्राचा भाग मागे घ्यावा. ज्यांनी सह्या केल्या त्यांचे कागद त्यांना परत द्यावेत आणि कोणी सही केली, कोणी नाही, याची यादी ठेवू नये.

ज्याने येशुआवर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला आहे त्याला भाकर आणि द्राक्षारस नाकारला जाणार नाही, असे मंडळीपुढे मोठ्याने सांगावे. रुग्णसेवा, घरातली देखभाल, दवाखाना, पाणी, वीज अशा कामांवर शनिवारी जाणाऱ्यांची नावे घेऊन नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल अशा रीतीने सांगावे.

तोरा वाचण्यासाठी वंशाचा पुरावा मागण्याचा नियम कायमचा रद्द करावा.

मंडळीतल्या ज्या घरांत, दुकानांत किंवा कारखान्यांत पगारी माणसे आहेत त्यांनी, सर्वांत आधी वडीलमंडळाने, मग माझ्यासारख्यांनी, दोन गोष्टी एकमेकांसमोर मांडाव्यात : पगार कोणत्या तारखेला दिला जातो आणि त्या माणसाला आठवड्यात पूर्ण सुट्टीचा दिवस मिळतो की नाही. मी माझ्या घरचा हिशेब पहिल्यांदा ठेवायला तयार आहे, वल्हांडणाच्या त्या बारा तारखेसह.

मराठी अभ्यासगट चालू राहावा आणि त्यात या पाठातले अनुवाद २४ वगळले जाऊ नये. ठाण्यापुण्याच्या घरांना हे परिपत्रक आपण पाठवले तसेच ते मागे घेतल्याचे पत्रही मराठीतच पाठवावे.

शेवटची मागणी एका व्यक्तीविषयी आहे. आईच्या सेविकेला दाराशी जे सांगितले गेले ते चुकीचे होते, हे तिला तिच्याच भाषेत सांगायला आपल्यापैकी कोणीतरी आमच्या घरी यावे. आई चहा करायला सांगेल. आपण येशूवाले आहात म्हणून ती काही बोलणार नाही, एवढे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.

या शब्बाथला मी मंडळीत येणार आहे आणि तिलाही घेऊन येणार आहे. आईजवळ माझा मुलगा बसेल. आम्ही दोघी शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या बाकावर बसू. भाकर फिरत आमच्यापर्यंत आली तर आधी तिच्या हातात द्यावी. तिला वगळून माझ्यापुढे धरली, तर मी घेणार नाही.

आपली नम्र,
मंडळीतली एक बहीण